कॅटलियाची कुंडी फोडताना

गेल्या आठवड्यात माझ्याकडच्या सर्वांत जुन्या कॅटलिया ऑर्किडची मातीची कुंडी मला शेवटी हातोडीने फोडावी लागली. मुळे कुंडीच्या आतल्या भिंतीला इतकी घट्ट चिकटली होती की पातळ सुरी कडेने फिरवून ती सोडवू गेले असते, तर मुळांवरचे पांढरे आवरण भिंतीवरच राहिले असते आणि हाती फक्त आतला तारेसारखा गाभा आला असता. म्हणून झाड कुंडीसकट अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवले, मुळे थोडी लवचीक झाल्यावर कुंडी आडवी केली आणि तिच्या काठावर हलके ठोके दिले. ती पाच तुकड्यांत उघडली. त्यांतले दोन तुकडे मुळांनी सोडलेच नाहीत, तेव्हा ते तसेच चिकटलेले ठेवून झाडाबरोबर नव्या कुंडीत गेले. मुळांना खापरीची अडचण होत नाही, तुटण्याची होते.

कुंडी लहान पडली म्हणून ती बदलायची, अशी माझी सुरुवातीची समजूत होती, आणि ती इतर कुंडीतल्या झाडांवरून घेतलेली होती. ऑर्किडच्या बाबतीत कुंडी बदलण्याचे खरे कारण बहुतेक वेळा कुंडीतल्या माध्यमात असते. लाकडाच्या सालींचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे, स्फॅग्नम शेवाळ हे सगळे सेंद्रिय आहे आणि ते कुजतेच. सालींचे तुकडे साधारण दोन वर्षे टिकतात, शेवाळ बहुधा वर्षभरातच दबून चिकट होते. कुजलेल्या तुकड्यांचा भुसा होतो, भुसा तुकड्यांमधल्या फटी बुजवतो, पाणी धरून ठेवतो आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. वरून पाने हिरवीगार दिसत असतात, आणि खाली मुळे एकेक करून जात असतात. पानांवर सुरकुत्या पडेपर्यंत आपल्याला त्याचा पत्ता नसतो, आणि सुरकुत्या पाहून आपण जास्त पाणी घालतो. मी तरी घातले होते.

हवेचा एवढा हट्ट या झाडांना का, हे त्यांच्या मूळ राहणीकडे पाहिले की कळते. आपण कुंडीत वाढवतो त्यांतली बरीचशी ऑर्किडे अपिवनस्पती आहेत, म्हणजे ती दुसऱ्या झाडाच्या फांदीवर बसतात, पण बांडगुळासारखा त्याचा रस शोषत नाहीत. मुळे फांदीला धरून उघड्यावर असतात. पाऊस येतो तेव्हा चिंब भिजतात आणि लगेच वाऱ्याने सुकतात. त्यासाठी मुळांवर व्हेलामेन नावाचे स्पंजासारखे आवरण असते. ते मृत पेशींच्या थरांचे असते. कोरडे असताना त्या पेशींत हवा भरलेली असते म्हणून मूळ चंदेरी पांढरे दिसते, आणि पाणी शोषले की आवरण पारदर्शक होऊन आतला हिरवा रंग दिसू लागतो. पाणी घालताना मूळ चंदेरीचे हिरवे होताना पाहणे हा माझ्या छंदातला सर्वांत स्वस्त आनंद आहे. असे मूळ सतत ओल्या भुशात राहिले तर ते कुजणार, यात त्या झाडाचा नाजूकपणा काही नाही.

आता वेळेविषयी. ‘फुले गेल्यावर कुंडी बदला’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो निम्मा खरा आहे. कॅटलियासारख्या झाडात फुलणे आणि मुळे फुटणे यांचा क्रम प्रत्येक जातीत एकसारखा नसतो. काहींत नवा फुटवा चार बोटे वाढला की त्याच्या बुडातून मुळे डोकावतात, तर काहींत बल्ब, म्हणजे खोडाचा फुगीर उभा भाग, पूर्ण भरून झाल्याशिवाय मुळे येत नाहीत. फुले गेली म्हणून झाड काढले आणि नवी मुळे मात्र पाच महिन्यांनी येणार असली, तर ते पाच महिने झाडाला जुन्या मुळांवर काढावे लागतात, आणि ती मुळे तर आपण नुकतीच उचकटलेली असतात. म्हणून मी तारखेची नोंद ठेवणे सोडून दिले आहे. रोज पाणी घालताना सर्वांत नव्या बल्बच्या बुडाशी बोट फिरवते. तिथे सालीखाली तांदळाच्या कणीएवढे, टोकाशी हिरवे किंवा तांबूस उंचवटे लागले, की पुढच्या दोन-चार दिवसांत काम उरकायचे. ही कणी पाऊण इंचाची होऊन गेली असेल तर मात्र पंचाईत होते, कारण अशा आखूड मुळाचे टोक मोडले तर ते बहुधा तिथेच थांबते. तेव्हा ते चांगले वीतभर लांब होऊ द्यावे. लांब मुळाचे टोक दुखावले तरी त्याला मागून फांद्या फुटतात. या कॅटलियाच्या बाबतीत मला गेल्या बुधवारी सकाळी तीन कण्या लागल्या आणि शनिवारी मी हातोडी शोधत होते.

हे झाड मूळचे आत्ता आहे तसे नव्हते. नऊ वर्षांपूर्वी ते माझ्याकडे आले आणि तीन वर्षांनी मी पहिल्यांदा कुंडीबाहेर काढले, तेव्हा त्याला चौदा बल्ब होते. एका झाडाची पाच झाडे होतील या आनंदात मी त्याचे पाच भाग केले, दोन-तीन बल्बांचा एकेक, आणि एकाला काय ते चार बल्ब मिळाले. त्या पाचांपैकी दोन भाग वर्षाच्या आत सुकले. दोन भाग तीन वर्षे नुसते करंगळीएवढे बल्ब काढत राहिले, फूल एकाही वर्षी नाही. ते पुढे मी देऊन टाकले. चार बल्बांचा भाग मात्र दुसऱ्या वर्षी फुलला, आणि कुंडी फोडावी लागली ती त्याचीच.

तेव्हा मला न कळलेली गोष्ट साधी होती. कॅटलिया, ऑन्सिडियम, सिम्बिडियम यांसारखी ऑर्किडे आडवी चालतात. माध्यमाच्या पृष्ठभागावरून एक जाड आडवे खोड सरकत जाते, त्याला रायझोम म्हणतात, आणि त्याच्यावर ओळीने फुगीर बल्ब उभे राहतात. दर वाढीच्या हंगामात सर्वांत पुढच्या बल्बच्या बुडातला डोळा फुटतो आणि एक नवा बल्ब होतो. मागचे बल्ब, पाने गळून गेली तरी, निकामी नसतात. पाणी आणि अन्न साठवून ते पुढच्या फुटव्याला पुरवत असतात. दोन बल्बांचा तुकडा म्हणजे शिदोरी नसलेला प्रवासी. तो जगला तरी नवा बल्ब आधीच्यापेक्षा लहान होतो, आणि पुन्हा फुलण्याइतका मोठा बल्ब यायला दोन-तीन हंगाम जातात. तीन ते पाच बल्ब, त्यांत निदान एक जिवंत डोळा किंवा फुटवा, आणि स्वतःची थोडी मुळे, एवढे असेल तरच तो भाग वेगळा करावा. याहून कमी असेल तर विभागणी करूच नये, असे माझे मत आता झाले आहे, आणि झाड देतो म्हणून ज्यांना शब्द दिला आहे त्यांना वर्षभर थांबायला सांगण्याचीही मला आता लाज वाटत नाही.

मोठा ठोंब एकसंध ठेवला तर एका वेळी दहा-बारा फुले मिळतात, तीच झाडे तोडून चार कुंड्यांत लावली तर एखाददुसरे. तरी या वेळी मी झाड वेगळे केले, कारण त्याने मला दुसरा मार्ग ठेवला नव्हता. चार वर्षांपूर्वी रायझोमला दोन फाटे फुटले. जुने चार बल्ब मधोमध राहिले आणि त्यांच्यापासून चार-चार बल्बांच्या दोन ओळी एकमेकींकडे पाठ करून कुंडीच्या दोन विरुद्ध काठांकडे निघाल्या. दोन्ही टोके काठावरून बाहेर आली होती, मुळे हवेत लोंबत होती आणि मधला भाग उघडा पडला होता. दोघींना पुढे दोन वर्षे जागा मिळेल अशी कुंडी घ्यायची तर ती परातीएवढी लागली असती, आणि मोठ्या कुंडीतला मधला भाग कधी नीट वाळत नाही.

पण या वेळी कापणी आधीच करून ठेवली होती. मागच्या वर्षी, झाड कुंडीतच असताना, निर्जंतुक केलेल्या ब्लेडने मी दोन्ही फाट्यांपाशी रायझोम आरपार कापला, कापलेल्या जागी गंधकाची पूड लावली आणि झाड तसेच ठेवून दिले. मुळे जागची हलली नाहीत, त्यामुळे पुढच्या दोन्ही ओळींना काही कळलेदेखील नाही असे वाटले. त्या वेळेवर फुलल्या. फरक पडला तो मधल्या चार बल्बांना. जोपर्यंत पुढचा फुटवा जोडलेला असतो, तोपर्यंत मागच्या बल्बांवरचे डोळे निजलेले राहतात, उसाच्या कांडीवरचे डोळे शेंडा असेपर्यंत निजतात तसेच. जोड तुटली की त्यांतला एखादा जागा होतो. सहा आठवड्यांनी जुन्या बल्बच्या बुडाशी, वाळक्या सालीखाली, एक डोळा हरभऱ्याएवढा फुगला आणि आज तिथे तीन बोटे उंच फुटवा आहे. घाई नसलेल्या प्रत्येक माणसाला मी ही पद्धत सुचवीन. कुंडी बदलणे आणि कापणे हे दोन धक्के एकाच दिवशी देण्याऐवजी त्यांच्यात एक वर्षाचे अंतर पडते.

कुंडी फुटल्यावरचे काम कंटाळवाणे असते आणि ते मला फार आवडते. जुने माध्यम बोटांनी आणि पाण्याच्या हलक्या धारेने काढत जायचे, शक्यतो सगळे. मुळांच्या गुंत्यात अडकलेला कुजका गोळा तसाच नव्या कुंडीत गेला तर कुज बरोबर जाते. मग प्रत्येक मूळ चिमटीत धरून पाहायचे. जिवंत मूळ घट्ट लागते. मेलेले मूळ पोकळ लागते, दाबले की त्यातून तपकिरी पाणी निघते, आणि ओढले की वरचे आवरण मोज्यासारखे निघून आतला धागा उरतो. ते सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, बुडाशी कापायचे. काही मुळे मध्येच कुजलेली आणि टोकाशी जिवंत अशी फसवी असतात. त्यांत मी फार वेळ घालवत नाही. पॅफिओपेडिलम या पादत्राणासारख्या ओठाच्या ऑर्किडची मुळे मात्र मुळातच तपकिरी आणि केसाळ असतात. रंग पाहून मी पहिल्या वर्षी त्यांतली निम्मी मुळे मेलेली समजून कापली, आणि प्रत्येक कापाच्या आत पांढराशुभ्र गाभा दिसत असूनही माझ्या डोक्यात उजेड पडायला बराच वेळ लागला.

हत्यारांच्या बाबतीत मी कडक आहे. ऑर्किडांत सिम्बिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू जगभर सर्वाधिक आढळतात, ते रसावाटे पसरतात, आणि एकदा शिरले की त्या झाडाला उपचार नाही. कित्येक झाडांवर वर्षानुवर्षे काहीच खूण दिसत नाही, त्यामुळे झाड धडधाकट दिसते म्हणून सिकेटर पुसून पुढच्या झाडाला लावणे हा निव्वळ जुगार आहे. मी दर झाडाला नवे ब्लेड घेते. सिकेटर वापरायचाच झाला तर त्याचे पाते ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवते आणि गार होऊ देते. खाली अंथरलेला कागदही प्रत्येक झाडाला नवा. कापलेल्या जागेवर दालचिनीची पूड लावण्याची प्रथा आहे. ती बुरशी रोखते, पण ती पाणीही ओढून घेते, म्हणून रायझोमच्या कापावर चिमूटभर ठीक. मुळांवर भुरभुरली तर चांगली मुळेसुद्धा वाळतात.

लावताना जुना बल्ब कुंडीच्या काठाला टेकवायचा आणि फुटवा मधल्या मोकळ्या जागेकडे तोंड करून ठेवायचा, म्हणजे झाडाला पुढे चालायला वाट राहते. झाड मधोमध लावण्याची आपल्या हाताला सवय असते, ती इथे मोडावी लागते. कुंडी दोन वर्षांची वाढ मावेल एवढीच घ्यायची. तळाशी विटांचे तुकडे, वर सालींचे तुकडे आणि लोणारी कोळसा असे मिश्रण मी वापरते; तुमच्याकडची हवा कोरडी असेल तर त्यात थोडे शेवाळ लागेल, आणि दमट असेल तर नुसता कोळसा आणि विटाही पुरतील. रायझोम माध्यमात पुरायचा नाही. तो वर दिसला पाहिजे, अर्धा बुडालेला एखाद्या ओंडक्यासारखा. पुरला की फुटवा बुडाशी काळा पडून कुजतो.

सगळ्यांत जास्त वेळ मी झाड पक्के करण्यात घालवते. बल्बला धरून वर उचलले तर झाड कुंडीसकट उचलले गेले पाहिजे, इतके पक्के. झाड डुलत असले की प्रत्येक हेलकाव्याला नव्या मुळाचे कोवळे टोक सालींवर घासते आणि खुरटते. सुरुवातीच्या काळात माझी बरीच झाडे कुंडी बदलल्यावर ‘रुसायची’, त्यांतली अर्धी तरी नुसत्या हलण्यामुळे रुसत होती असे आता वाटते. तारेची क्लिप रायझोमवरून काठाला अडकवावी, नाहीतर बारीक काठी रोवून बल्ब सुतळीने बांधावेत. नवी मुळे माध्यमात शिरली की काठी काढता येते.

त्यानंतर पाण्याचा हात आखडायचा. दुखावलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत आणि ओल्या माध्यमात ती कुजतात, म्हणून पहिले आठ-दहा दिवस मी कुंडीत पाणी घालतच नाही. झाड सावलीत ठेवते, सकाळी पानांवर आणि हवेतल्या मुळांवर पाणी फवारते, खत अजिबात नाही. बल्ब थोडे सुरकुततात. त्या दिवसांत त्यांच्याकडे न पाहणे हेच मला सर्वांत जड जाते.

एका खोडावर सरळ वर वाढणाऱ्या ऑर्किडांना यातले बरेचसे लागू नाही. फॅलेनॉप्सिसला रायझोमही नसतो आणि बल्बही नसतात, त्यामुळे त्याची विभागणी करण्याचा प्रश्न येत नाही. कुजलेले बूड छाटून वरचा मुळांसह भाग खाली बसवायचा, एवढेच. त्याच्या फुलाच्या दांड्यावर कधी कधी छोटे रोप येते, त्याला हवाईयन भाषेतल्या लेकरासाठीच्या शब्दावरून ‘कीकी’ म्हणतात. त्याला दोन इंचांची दोन-तीन मुळे आल्यावर ते कापून लावता येते. डेंड्रोबियमच्या काही प्रकारांतही अशीच रोपे येतात, पण फुलांच्या जागी कीकीच येऊ लागल्या तर ती बक्षिसी नाही. विश्रांतीच्या दिवसांत पाणी आणि नत्र जास्त झाल्याची ती तक्रार असते. व्हँडाला तर मी टोपलीतून काढतच नाही, जुनी टोपली मोठ्या टोपलीत ठेवते. (हे नाव संस्कृत ‘वन्दा’ या शब्दावरून आले आहे, झाडावर वाढणाऱ्या झाडाला तो शब्द होता.)

विभागणीचे महत्त्व पूर्वी आजच्यापेक्षा किती तरी जास्त होते. ऑर्किडचे बी धुळीइतके बारीक असते आणि त्यात अंकुराला पुरेल असे अन्न नसते. निसर्गात एखाद्या बुरशीच्या मदतीशिवाय ते रुजत नाही, हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८९९ मध्ये कळले, आणि बुरशीऐवजी साखर घातलेल्या माध्यमावर ते रुजवण्याची रीत लुईस नुडसन यांनी १९२२ मध्ये दाखवली. पण बियांची रोपे एकसारखी निघत नाहीत. एखादे असाधारण फुलाचे झाड हुबेहूब हवे असेल, तर त्याचा तुकडा मिळवण्यापलीकडे उपाय नव्हता, आणि झाड वर्षाला एक-दोन बल्ब काढत असल्यामुळे असा तुकडा मिळायला अनेक वर्षे वाट पाहावी लागे. १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी सिम्बिडियमच्या वाढत्या टोकातल्या पेशींपासून रोपे करण्याची पद्धत मांडली, त्यानंतर हजारो हुबेहूब रोपे प्रयोगशाळेतून येऊ लागली. तरीही तुकड्याला मोल आहे, कारण तो तेच झाड असतो. म्हणून कापायच्या आधी मी नावाच्या पट्ट्या लिहून ठेवते, भागांच्या संख्येएवढ्या. पट्टी हरवलेले झाड फुलते तितकेच सुंदर, पण ते कोणाला दिले की ‘जांभळे, मोठे’ एवढेच सांगता येते.

शनिवारच्या तीन कुंड्या आता उत्तरेच्या खिडकीत आहेत. पुढच्या दोन्ही ओळींची मिळून तीन नवी मुळे होती, त्यांतले एक मी क्लिप बसवताना अंगठ्याने मोडले. उरलेली दोन आज सालीवर टेकली आहेत. मधल्या जुन्या भागातला सर्वांत मागचा बल्ब दाबल्यावर मऊ लागला, तो टाकून दिला. राहिलेले तीन बल्ब आणि त्यांचा फुटवा लहान कुंडीत बसवले आहेत. त्या फुटव्याला अजून मूळ नाही. रोज सकाळी मी त्याच्या बुडाशी बोट फिरवते आहे.